हजार चंद्रांचा हिशेब

ऐंशी ओलांडलेल्या माणसाने हजार चंद्र पाहिले, असं आपल्याकडे धरून चालतात. धरून चालतात म्हणजे शेजारी उभं राहून कुणी मोजलेले नसतात. साठीच्या उग्ररथ शांतीला, सत्तरीच्या भैमरथीला, पंचाहत्तरीच्या ऐंद्रीला एक दरारा आहे. नुसती नावं ऐकली तरी वाटतं की यजमान रथात बसून कुणावर तरी चाल करून निघालेत. पंच्याऐंशीला तर रौद्रीच. या सगळ्या शस्त्रधारी मंडळींच्या मधोमध ऐंशीच्या जागेवर मात्र एखादा हळवा शास्त्री बसला असावा. त्याने रथ बाजूला लावला, घोडे सोडून दिले आणि लिहून ठेवलं, सहस्रचंद्रदर्शन. एवढ्या लांबच्या आयुष्यात माणसाने काय मिळवलं, किती जमवलं, कुणाला हरवलं याची चौकशीच नाही. चंद्र पाहिलास ना? मग ये, बस पाटावर.

आईचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं तेव्हा पहिला वाद गणिताचा निघाला. गुरुजी म्हणाले, ८० वर्षं ८ महिने. माझा पुतण्या इंजिनिअर असल्यामुळे त्याला कुठलाही आकडा मोबाइलला विचारल्याशिवाय पटत नाही. त्याने एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंतचे २९.५३ दिवस घेतले, हजाराने गुणले, आणि चेहरा गंभीर करून सांगितलं की हजारावा चंद्र व्हायला ८० वर्षं आणि १० महिने लागतात. गुरुजींच्या तिथीला आजीला दोन-तीन चंद्र कमी पडतील. गुरुजी मुरलेले. ते म्हणाले, “अहो, पोटातले नऊ महिने कुठे गेले? ते धरा, उलट शिल्लकच पडतील. शिवाय तुमचे दहा महिने धरले तर अधिक ज्येष्ठ आणि मृगाचा पाऊस दोन्ही आडवे येतात. चैत्रात उरकू.” पुतण्याने पुन्हा आकडेमोड केली आणि पोटातले चंद्र धरून हिशेब जुळतो, असा निर्वाळा दिला. एवढा वेळ आई लसूण सोलत बसली होती. तिने एवढंच विचारलं, “पोटातून दिसतो होय रे चंद्र?”

हिशेबाला मुळात सुरुवात कुठून करायची हाही एक प्रश्नच होता. आईचा सरकारी वाढदिवस १ जून. त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनलाच असतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी जून महिन्याकडे एकदा पाहिलं, मुलाच्या उंचीकडे एकदा पाहिलं आणि दौतीत टाक बुडवला. आईच्या दाखल्यावर १ जून १९४४ आहे. आमच्या आजोळच्या आजीचा हिशेब मात्र वेगळा. तिच्या म्हणण्याप्रमाणे आई पत्रीसरकारच्या धामधुमीतली, लढाई संपली त्या श्रावणातली, नागपंचमीच्या मागेपुढे झालेली. दादाने जुनं पंचांग शोधून तो श्रावण १९४५ च्या ऑगस्टमध्ये बसवला. म्हणजे आई सरकारदरबारी सव्वा वर्षाने मोठी आहे. तिची त्याबद्दल तक्रार नाही. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली, तेव्हापासून ती एसटीपुरतं सरकारी वय वापरते आणि देवापुढे घरचं. मला हे फार आवडतं. आपल्याला एकच जन्मतारीख घेऊन जन्मभर वावरावं लागतं; तिच्याकडे दोन आहेत, एक नेसायची आणि एक घडी करून ठेवलेली.

लांबच्या नात्यातल्या एका काकांनी फोनवर शंका काढली की बाबा नाहीत, तर बाईमाणसाचं एकटीचं असं करतात का. बाबा पंचाहत्तरी पाहून गेले. त्यांचा चंद्रांचा हिशेब नऊशेच्या पुढे कुठेतरी थांबला. काकांचा फोन गुरुजींच्या हातात दिला. गुरुजी म्हणाले, “चंद्र काय माणूस बघून उगवतो का हो?” आणि फोन परत दिला. त्या एका वाक्यासाठी मी त्यांची दक्षिणा मनातल्या मनात वाढवली.

पण खरा घोळ आईनेच घातला. तयारी ऐन रंगात आली असताना, पत्रिकेवर चंद्राचं चित्र केवढं छापायचं यावर सुनांचं एकमत होत आलेलं असताना ती म्हणाली, “मी कुठे पाहिलेत रे हजार? पौर्णिमेचा चंद्र बघायला वेळ कधी होता?” सगळे हसले. मी हसता हसता थबकलो, कारण विचार करू लागलो तर तिचं म्हणणं खगोलशास्त्राला धरून होतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळायच्या सुमाराला उगवतो. ती वेळ दिवेलागणीची, म्हणजे कुकर लावायची, कणीक मळायची, कामावरून येणाऱ्याला चहा करायची. पूर्वेच्या कडेला तांबूस, भला थोरला चंद्र येऊन उभा राहत असतो, ज्याच्यावर मराठी कवींनी रीमच्या रीम कागद खर्च केले, तेव्हा आई नेमकी पश्चिमेकडच्या स्वयंपाकघरात धुरात उभी असते.

बरं, पौर्णिमा म्हणजे घरात नुसती पौर्णिमा थोडीच येते! नारळी पौर्णिमेला नारळीभात, होळीपौर्णिमेला पुरण, वटपौर्णिमेला स्वतःचा उपास आणि बाकीच्यांचा साग्रसंगीत स्वयंपाक, दत्तजयंतीला सुंठवडा, गुरुपौर्णिमेला कुणीतरी जेवायला. चंद्र जितका पूर्ण, तितका ओटा भरलेला. वर्षाच्या बारा-तेरा पौर्णिमांतली एक कोजागिरीच काय ती अशी, जिला चंद्र पाहणं हेच काम असतं. त्या रात्रीही आईने चंद्र पाहिला तो बहुतेक दुधाच्या पातेल्यात, साय धरू नये म्हणून ढवळता ढवळता.

मग आईचा चंद्र कुठला? तर चतुर्थीचा. संकष्टीचा. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी तिच्या हाती किल्ल्यांच्या आधी संकष्टी दिली. साठ वर्षांच्या संकष्ट्या, अधिकमास धरून, सातशेच्या वर जातात. चंद्र रोज पाऊणएक तास उशिरा उगवतो; पौर्णिमेपासून चौथ्या रात्रीपर्यंत त्याला चांगला दोन-अडीच, कधी तीन तासांचा उशीर झालेला असतो. तोवर मुलांची जेवणं झालेली, भांडी घासून पालथी घातलेली, उद्याची मटकी भिजत टाकलेली. त्या वेळी आकाशात जो येतो तो आईचा. एका बाजूने जरासा खंगलेला, उजेड कमी झालेला, उशीर झाल्यामुळे थोडा ओशाळलेला. कवींचा त्याच्यावर फारसा जीव नाही. पण त्याची वाट पाहणारी माणसं दिवसभर उपाशी असतात, हे भाग्य पौर्णिमेच्या चंद्राला कधी लाभलेलं नाही.

आमचं सगळं बालपण या चंद्राची टेहळणी करण्यात गेलं. आई मोदकाचं ताट झाकून ठेवायची आणि आम्हाला गच्चीवर पिटाळायची, “बघ रे उगवला का?” भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपल्या गावची चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, पण आईचा छापील चंद्रावर विश्वास नसे, डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार लागायचा. दादा खोटी साक्ष देण्यात पटाईत. भूक लागली की त्याला पूर्वेला हमखास उजेड दिसे, आणि तो बहुधा स्टँडवरचा दिवा निघे. पुढे समोर तीन मजली इमारत झाली आणि आमचा चंद्र वीस मिनिटं उशिरा उगवू लागला. आईने त्या इमारतीला कधी नावं ठेवली नाहीत. फक्त भाताचा कुकर वीस मिनिटं उशिरा लावायला लागली. आषाढ-श्रावणात ढगांमुळे चंद्राचा पत्ताच नसे. मग मात्र छापील वेळेला शरण जाऊन, ढगांच्या दिशेने अर्घ्य देऊन ती ताटावर बसायची. न दिसलेल्या चंद्राला केलेले असे कितीतरी नमस्कार तिच्या खात्यावर असतील. गुरुजींच्या हिशेबात ते कुठल्या रकान्यात पडतात, कोण जाणे.

१९६९ च्या जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला. त्यानंतरच्या संकष्टीला आमच्या आजीला मोठा पेच पडला होता, असं आई सांगते. ज्याच्यावर बूट घालून माणसं फिरून आली, त्याला अर्घ्य द्यायचं का? नव्या सुनेने सुचवलं की आपण पाणीच तर देतो, पाय लागले असतील तर धुतलेच जातील. सासूबाईंना सुनेचं म्हणणं पटल्याची आमच्या घराण्यातली ही पहिली नोंद. २०२३ च्या २३ ऑगस्टला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा नातवंडांनी आईला टीव्हीपुढे आणून बसवलं. सगळं घर टाळ्या वाजवत होतं. आईनेही वाजवल्या आणि मग विचारलं, “आता तिथे आपली माणसं आहेत, तर जरा वेळेवर पाठवतील का त्याला?”

तर असा हा सोहळा चैत्रातल्या एका रणरणत्या सकाळी साताऱ्यात पार पडला. पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असं ठळक छापलं होतं. आपल्याकडे हे वाक्य म्हणजे आहेराची आठवण समजली जाते. त्यातही सत्कार म्हटला की शाल. चैत्राच्या उन्हात, पंखे बंद असलेल्या हॉलमध्ये, एकामागून एक माणसं येत होती आणि आईच्या खांद्यांवर शाल पांघरत होती. पंखे बंद होते कारण बाजूला दोन पराती भरून कणकेचे ८१ दिवे लावायचं चाललं होतं. ही एक वेगळीच परीक्षा आहे. पहिला दिवा लावून एक्क्याऐंशीव्यापर्यंत पोहोचावं तर तिकडे पहिल्या ओळीतले दोन-चार मान टाकू लागलेले असतात. ते पुन्हा लावावे तर मधले. आत्याच्या हाताखाली तीन सुना काड्यापेट्या घेऊन पळत होत्या आणि फोटोवाला “एकदम सगळे पेटू द्या” म्हणून ओरडत होता. सगळे एकदम असे पेटलेच नाहीत. थोडे तेवत, थोडे धुमसत, तसंच औक्षण झालं. घरातल्या माणसांचंही कधी सगळ्यांचं एकदम बरं चाललंय असं झालेलं नाही. आईला ते दृश्य ओळखीचं वाटलं असावं, कारण ती दिव्यांकडे अगदी प्रसन्नपणे पाहत होती.

शालींच्या ढिगात मध्येच तिचा हात थबकला. एका राखाडी शालीचा काठ तिने बोटांनी चाचपला आणि माझ्या बायकोच्या कानात सांगितलं, “ही आपलीच आहे. नानांच्या पंचाहत्तरीला दिलेली.” शाली अशा फिरतात. कुणाच्या अंगावर न चढता, सुटकेसमधल्या डांबरगोळ्यांच्या वासात विसावा घेत, त्या सत्कारातून सत्काराला जातात. आपली शाल तीन वर्षांनी सुखरूप माहेरी आलेली पाहून आईने ती सगळ्यांत वर घेतली.

मानपत्र माझ्या मेव्हण्याने लिहिलं होतं. त्यात आई वात्सल्यसिंधू होती, अन्नपूर्णा होती, वटवृक्ष होती, दीपस्तंभ होती. सिंधूपासून वृक्षापर्यंतचा हा प्रवास आई मान खाली घालून ऐकत होती. नंतर म्हणाली, “छान लिहिलंय. कोण गं ती?” भाषणांत प्रत्येकाने तिच्या हातच्या पुरणपोळीचं वर्णन केलं. खरं सांगायचं तर तिची पुरणपोळी बेताचीच. तिचा हात आहे तो आमटीला, पण आमटीवर भाषण होत नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाचा गौरव करताना आपण त्याच्या डोक्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी फेटा बांधतो आणि तो बिचारा सैल होऊन डोळ्यांवर येत राहतो.

मग नमस्कार सुरू झाले. सगळ्यांत मोठी तीच, त्यामुळे अख्खा हॉल तिच्या पायांशी वाकत होता आणि ‘औक्षवंत हो, सुखी राहा’ म्हणून म्हणून तिचा घसा बसला. या वयातली ही गंमत फारशी कुणी लक्षात घेत नाही. आशीर्वादाची गरज वाढत जाते आणि देणारे संपत जातात. तिला औक्षवंत हो म्हणणारं कोण उरलं होतं? एवढ्यात दाराशी गडबड झाली. कऱ्हाडहून मावशी आली. आईची थोरली बहीण, वय ८६, दोन्ही बाजूंनी नातवांनी धरलेली. आई शालींसकट उठली. आपल्याला कोणीतरी उठायला हात देईल याची वाट न पाहता उठली, हे मी कित्येक दिवसांनी पाहिलं. वाकली, नमस्कार केला, आणि क्षणात सत्कारमूर्तीची धाकटी होऊन गेली. मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “नागपंचमीला झाली ही. मागेपुढे नाही, नागपंचमीलाच. मी झोक्यावर होते. आत्ता कुठे झोका वर जायला लागला होता, तर आलीच ही. मला उतरवून घरात नेलं. माझा झोका राहिला तो राहिलाच.” पंचांगं धुंडाळून जी तिथी पक्की होत नव्हती, ती एका सहा वर्षांच्या मुलीच्या रागामुळे पक्की झाली. राग ऐंशी वर्षं टिकतो, हेही कळलं. दोघी शेजारी शेजारी बसल्या आणि पुढचा कार्यक्रम त्यांनी फारसा पाहिला नाही.

शेवटी तुला. नाणी नकोत, गूळही नको, आपण ग्रंथतुला करू आणि ती पुस्तकं गावच्या शाळेला देऊ, असं दादाने ठरवलं होतं. तराजू एका गुळाच्या अडतीवरून आणला. तिथे आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे. हा जुना, साखळदंडांचा, माळ्यावर पडून होता. त्याला झेंडूची माळ गुंडाळली तरी गुळाचा वास जात नव्हता आणि मुंग्या निमंत्रणाशिवाय हजर होत्या. एका पारड्यात पाट ठेवून आईला बसवलं. ती पदर सावरून, पाय जुळवून बसली. दुसऱ्या पारड्यात नातवंडं पुस्तकं रचू लागली. गोष्टींची, विज्ञानाची, चरित्रं, दोन जाडजूड कोश. आईचं वजन जेमतेम ४५ किलो. आम्ही पुस्तकं आणली होती त्याच्या कितीतरी जास्त. आपली आई एवढी हलकी झाली आहे, हे मुलांना तराजूवरच कळावं याचं मला मनातून वाईट वाटलं. पण तेवढ्यात काटा सरळ झाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आईने टाळ्या थांबवल्या. ती काट्याकडे बघत होती. साठ वर्षं साताऱ्याच्या मंडईत भाजी घेतलेली बाई. सरळ काटा म्हणजे सौदा पुरा झाला, हे तिला कसं पटावं? “असा बरोबरीत काय तोलता? शाळेला द्यायचंय ना? घाला अजून चार, काटा उतरता द्या,” ती म्हणाली. गुरुजी म्हणाले, “आजी, तुला समतोलच लागते, शास्त्र आहे.” आई म्हणाली, “शास्त्र राहू द्या. मुलं वाचणार आहेत.” मग उरलेली सगळी पुस्तकं पारड्यात गेली. ते धप्पदिशी खाली बसलं आणि दुसऱ्या बाजूला आई शालीसकट वर उचलली गेली. पाय अधांतरी, हात साखळ्यांवर. मावशी खालून म्हणाली, “घे. बसलीस एकदाची माझ्या झोक्यावर.”

तुमच्या घरात कुणी ऐंशीच्या आसपास असेल, तर हॉल बघण्याआधी एकदा त्यांना विचारून घ्या की त्यांचा चंद्र कुठला. आणि त्यांची एखादी थोरली बहीण असेल तर तिला आणायला गाडी पाठवा, ती एसटीने येते म्हणाली तरी. शाली मात्र विकत घेऊ नका. आमच्याकडे भरपूर आहेत, हव्या तेवढ्या घेऊन जा.